पुनर्वसन केंद्रासाठी प्रोजेक्टरची चित्रभिंत करायची आहे: कॅमेरा लावू की बटणं?

कोरा_कागद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दिवसा पोटासाठी कोड लिहितो आणि रात्री हौसेसाठी. रात्रीचा कोड म्हणजे पी-फाइव्ह जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये कोडने चित्रं काढायची लायब्ररी) केलेली चित्रं: रेघा, ठिपके, लाटा, आवाजावर हलणारे आकार. घरच्यांनी पाहिली, "छान आहे हं" म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. त्यापलीकडे त्या चित्रांचं कधी काही झालं नाही.

आता पहिल्यांदाच कुणीतरी काम सांगितलंय. पक्षाघातातून सावरणाऱ्या लोकांसाठीचं एक निवासी केंद्र आहे. तिथल्या व्यायामाच्या खोलीत एक लांबलचक रिकामी भिंत आहे. संचालिका म्हणाल्या, "भिंतीवर असं काहीतरी कर की लोकांना हात हलवावासा वाटेल." बाकी सगळं माझ्यावर सोडलंय.

माझा बेत असा. छताला प्रोजेक्टर, भिंतीजवळ वेबकॅम, समोर खुर्चीत माणूस. त्याने हवेत हात फिरवला की भिंतीवर रंगाचा पट्टा उमटेल. हात ओळखायला मीडियापाइप हे तयार सॉफ्टवेअर वापरणार. घरी माझ्या हातावर झकास चालतंय. महिनाअखेर सगळ्यांच्या चित्रांचं एक मोठं कोलाज करून केंद्राच्या दर्शनी भागात लावायचं, एक छोटा व्हिडिओ काढायचा आणि कोड सगळ्यांना खुला करून द्यायचा.

हे दिसायला चांगलं होईल याची खात्री आहे. तिथल्या लोकांच्या खरंच उपयोगाचं होईल का, याची नाही. असं काम कुणी केलं असेल तर काय करू आणि काय टाळू ते स्पष्ट सांगा. कौतुक नको, चुका काढा.

---

नसते_उद्योग

चुका काढायचं आमंत्रण! असा धागा रोज येत नाही.

मीडियापाइप हाताचे २१ बिंदू शोधतं: मनगट, बोटांचे सांधे, टोकं. उघड्या पंजावर मस्त चालतं. पण पक्षाघातानंतर बऱ्याच जणांची मूठ घट्ट आवळलेली राहते, बोटं आत वळलेली असतात. तिथे हे बिंदू उड्या मारायला लागतील. तुमच्या स्वतःच्या हातावर चालतंय म्हणजे अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. मूठ आवळून, मनगट आत वाकवून, खोलीतला दिवा मंद करून बघा आणि मग बोला.

शिवाय प्रोजेक्टरला अंधार हवा आणि कॅमेऱ्याला उजेड. ही भांडणं पहिल्याच दिवशी सुरू होतील. इन्फ्रारेड दिवे आणि इन्फ्रारेड दिसणारा कॅमेरा घेतलात तर मिटतील, कारण प्रोजेक्टरचा प्रकाश त्या कॅमेऱ्याच्या वाटेत फारसा येत नाही.

हात थरथरत असेल तर कच्चे आकडे थेट चित्राला देऊ नका. सोप्यात सोपं म्हणजे लर्प: दर फ्रेमला नव्या जागेकडे अंतराच्या दहाव्या हिश्श्याइतकंच सरकायचं. रेघ मऊ होते, पण हातामागे रेंगाळते. त्याहून बरं हवं असेल तर वन युरो फिल्टर शोधा. २०१२ साली मांडला गेला, कोड जेमतेम पानभर आहे. हात हळू फिरत असेल तर तो जास्त गुळगुळीत करतो, वेगात असेल तर कमी. थरथर जाते आणि रेघही मागे पडत नाही.

आणि कृपा करून किनेक्टच्या (एक्सबॉक्सचा हालचाल टिपणारा कॅमेरा) जुन्या ट्यूटोरियलच्या नादी लागू नका. त्याचं उत्पादन २०१७ मध्येच बंद झालंय. जुना सेट मिळेलही, पण बिघडला की संपलं.

---

दिवेवाली

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. प्रयोग नसतात त्या दिवसांत अशाच एका केंद्रात जाते, बरीच वर्षं झाली. लांबण लावणार आहे. कंटाळा आला तर खाली सरका.

कोरा कागद, तुमच्या बेतात सगळं आहे, फक्त पुसायचं बटण नाही.

आमच्याकडे एक आजोबा होते, आयुष्यभर पाट्या रंगवलेले. ब्रशने अक्षरं काढायची, तीही आधी पेन्सिलीने आखून न घेता. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. सगळ्यांनी हौसेने त्यांच्या डाव्या हातात ब्रश दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मान फिरवली. सगळे म्हणाले, खचलेत. मला तसं वाटलं नाही. ज्याचा हात एवढा तयार होता, त्याला आपली वाकडी रेघ कागदावर कायमची राहिलेली बघवणार कशी? कागद विसरत नाही ना.

मग आम्ही खुर्चीच्या हातावर दोन मोठी गोल बटणं बसवली आणि डाव्या हाताला एक जॉयस्टिक दिली. जॉयस्टिकने दिशा द्यायची. एक बटण दाबून धरलं की रेघ पुढे जाणार, दुसरं दाबलं की शेवटची रेघ नाहीशी. दाबण्याचा वेळ वाढेल तशी रेघ जाड होणार, असंही ठेवलं होतं. पहिल्यांदा ती फारच पटकन जाड व्हायची. त्यांनी माझ्याकडे बघून अंगठा आणि तर्जनी जवळ आणली: बारीक. मी आकडा बदलला. पुन्हा चिमूट, आणखी बारीक. दुपारभर आमचं हेच. खोलीतले बाकीचे लोक रंगीबेरंगी वाटोळी काढत होते, कुणी आवाजावर नाचणारे ठिपके मागत होतं. या गृहस्थांना रंगच नको होता. काळं, फक्त काळं. 'ळ'ची पहिली गाठ काढायची आणि पुसायची. पुन्हा काढायची, दुसऱ्या गाठीपर्यंत पोचायचं, की पुस. पुसायचं बटण आधी झिजलं, ते बदलावं लागलं.

त्या काळात केंद्रात येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारायचा, "यांचं चित्र कुठाय?" दाखवायला काही नव्हतं. आणि तरीही त्या खोलीतलं सगळ्यात कसदार काम तेच चाललं होतं असं माझं ठाम मत आहे.

म्हणून माझा आक्षेप कोलाजवर आहे. कोलाज हवंय कुणाला? तुम्हाला आणि संचालिकाबाईंना. महिनाअखेर काहीतरी दर्शनी भागात लागलंच पाहिजे म्हटलं की यंत्रही तसंच बांधलं जातं: काहीही हलवा, छानच दिसेल. चुकायची सोयच नाही! आणि जिथे चुकता येत नाही तिथे आपलं म्हणून काही काढताही येत नाही. तुमच्या लाटा आणि ठिपके सुंदरच असतील, पण त्या तुमच्या आहेत. समोरच्याने हात हलवून त्या फक्त चालू केल्या.

तुमच्या कामाला जवळचं उदाहरण म्हणजे आयरायटर. टोनी क्वान हा लॉस एंजेलिसचा ग्राफिटी कलाकार, भिंतींवर 'टेम्प्ट' या नावाने अक्षरं रंगवायचा. २००३ मध्ये त्याला एएलएसचं (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार) निदान झालं आणि पुढे डोळ्यांखेरीज शरीरात काही हलेना. २००९ मध्ये झॅक लीबरमन, इव्हान रॉथ, जेम्स पाउडरली, थिओ वॉटसन, ख्रिस शुग्रू ही कलाकार-प्रोग्रामर मंडळी आणि मिक एबलिंग यांनी मिळून त्याच्यासाठी एक उपकरण बनवलं. स्वस्तातल्या चष्म्याची फ्रेम, खेळाच्या कन्सोलचा सुटा कॅमेरा आणि इन्फ्रारेड एलईडी. कॅमेरा बाहुली टिपतो, नजर जिथे ठरते तिथे बिंदू पडतो, बिंदू जोडत अक्षर उभं राहतं. त्याने इस्पितळातल्या खाटेवरून डोळ्यांनी काढलेली अक्षरं शहरातल्या एका इमारतीच्या भिंतीवर प्रोजेक्टरने उमटवली गेली. सॉफ्टवेअर खुलं, उपकरण कसं बनवायचं तेही खुलं.

लोक यातला चष्मा लक्षात ठेवतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी "अपंगांसाठी कला" असं काही बनवायला घेतलं नव्हतं. एका माणसासाठी बनवलं, आणि तो आधीपासून जे करत होता त्यासाठीच बनवलं. त्याला निसर्गचित्रं काढायला बसवलं नाही. त्याची अक्षरं, त्याचं वळण, त्याचीच भिंत. एकाला नेमकं बसलं, म्हणून दुसऱ्यांना त्यात फेरफार करून घेता आले.

तर कॅमेरा की बटणं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तिथे कोण कोण आहे? कुणी शिवणकाम करत असेल, कुणी तबला वाजवत असेल, कुणी ट्रक चालवत असेल. चार दिवस नुसते जाऊन बसा. लॅपटॉप घरी ठेवा.

---

हातखंडा

मी व्यवसायोपचार करते, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. दिवेवालीताईंचं मन लावून वाचलं, अर्ध्याशी सहमत आहे. उरलेल्या अर्ध्यावर नंतर येते.

आधी धोक्याचं. हवेत हात फिरवणं ही कल्पना कृपया सोडून द्या. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू ढिले पडले असतील तर हाताच्या वजनानेच सांधा खाली ओघळतो. अशा माणसाला आधाराशिवाय हात उचलायला लावणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. हात टेबलावर ठेवा, खाली गुळगुळीत कापड द्या आणि सरकवू द्या. कॅमेरा भिंतीजवळ नको, टेबलाच्या बरोबर वर लावा. बोटं शोधत बसू नका. कापडावर एक ठळक रंगाचा ठिपका शिवा आणि कॅमेऱ्याला तोच शोधू द्या. आवळलेल्या मुठीचा प्रश्नही त्यातच सुटतो.

दुसरं, माणूस हात लांबवण्याऐवजी कंबरेतून पुढे वाकतो. पडद्यावर रेघ पुढे गेलेली दिसते, आपण टाळ्या वाजवतो आणि हात होता तिथेच असतो. पाठ खुर्चीला टेकलेली आहे ना, हे कुणीतरी बघायला हवं. यंत्राला ते कळत नाही.

तिसरं तुमच्यासारख्या चित्रकाराला नवं वाटेल. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या कित्येकांचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, पानावरच्या ओळीची सुरुवात सुटते. अशा माणसासाठी रंगांची पट्टी पडद्याच्या डाव्या कडेला ठेवलीत तर त्याच्या लेखी ती नाहीच. पट्ट्या, बटणं, सगळं कुठल्याही कडेला हलवता आलं पाहिजे. मग कुणाला उजवीकडून सुरुवात करून हळूहळू डावीकडे न्यायचं ते आम्ही ठरवू.

ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यासाठी पडद्यावर शब्द ठेवू नका, चित्रं ठेवा. आणि संगीत नक्की ठेवा. बोलता न येणारी कित्येक माणसं गाण्याचे शब्द स्वच्छ म्हणतात. त्यावरच बेतलेली मेलोडिक इंटोनेशन थेरपी १९७३ पासून वापरात आहे. शब्द सुरात, ताल धरून म्हणायचे आणि मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. तुमचे आवाजावर हलणारे आकार तिथे कामी येतील: एकच स्वर लांबवला की एकच रेघ लांबते.

चमचम अजिबात नको. पक्षाघातानंतर काहींना फिट्स येतात. वेबसाठीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू देऊ नये असा नियम आहे. अख्ख्या भिंतीएवढ्या प्रकाशाला तर मी त्याहूनही कडक राहीन. १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश झपाझप लुकलुकला आणि शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं.

आता असहमती. ताई, 'ळ'ची गोष्ट मला आवडली, पण मला आकडेही हवेत. हात परत मिळवायचा तर हालचाल पुन्हा पुन्हा व्हावी लागते. अमेरिका-कॅनडातल्या उपचारसत्रांच्या २००९ च्या एका पाहणीत दिसलं की एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ च होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत याच्या कित्येक पट लागतात. भिंत लोकांना अर्धा तास जास्त गुंतवत असेल तर माझ्यासाठी तोच तिचा नफा. चित्र कसं का होईना.

आणि कोरा कागद, केंद्राच्या पत्रकात "कलेने हात बरे होतात" असं छापू देऊ नका. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचं संशोधन एकत्र करून तपासते. तिच्या २०१७ च्या आढाव्याने आभासी वास्तव आणि खेळांचे ७२ प्रयोग तपासले. नेहमीच्या उपचारांऐवजी ते वापरले तर हाताच्या कामात जास्त फायदा दिसला नाही. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला वापरून एकूण वेळ वाढवला तेव्हा दिसला. म्हणजे भिंत व्यायामाच्या वर, व्यायामाच्या जागी नाही.

---

दिवेवाली

हातखंडा, खांद्याचं आणि डाव्या बाजूचं सोन्यासारखं सांगितलंत. मला पंचाईत होते ती "चित्र कसं का होईना" इथे. माणसाला कळतं हो, आपल्याला खेळवतायत की आपण काही करतोय. पहिल्या आठवड्यात फुलं उमलवायला मजा येते, दुसऱ्या आठवड्यात तो म्हणतो, माझा हात दुखतोय. आजोबांनी त्या दुपारी किती हालचाली केल्या त्या मी मोजल्या नाहीत, पण तुमच्या ३२ च्या खूप पुढे गेल्या असतील, आणि त्या 'ळ'पायी गेल्या. चित्र कसं होतं याची त्यांना पडली होती म्हणूनच.

---

हातखंडा

हे मान्य. पण प्रत्येक जण पाट्या रंगवणारा नसतो. काहींना खरंच फुलं उमलवायची असतात.

---

दिवेवाली

हेही मान्य. मग फुलंही पुसता आली पाहिजेत.

---

खुसपट

सगळे वायरींबद्दल बोलताय, म्हणून मी कागदपत्रांबद्दल बोलतो.

व्हिडिओत कोण दिसणार? तोंड वाकडं झालेली, लाळ गळणारी, स्वतःला आरशात न बघणारी माणसं. सही घेतली म्हणजे संमती झाली असं समजू नका. ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यात "हो" म्हणायचं असताना "नाही" तोंडातून निघणारेही असतात. मी माझ्या घरात हे बघितलंय. नातेवाईक उत्साहाने सही करून मोकळे होतात. चित्रांची कार्डं दाखवा, तोच प्रश्न उलटा करून विचारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. उत्तरं जुळली तर पुढे.

आणि कॅमेऱ्याची प्रतिमा ब्राउझरमध्येच वापरून टाकून द्या. साठवायची असेल तर रेघ साठवा, चेहरा नाही. देणगीदाराचं नाव चित्राच्या कोपऱ्यात येणार असेल तर ते आत्ताच विचारून घ्या, नंतर भांडण नको.

---

कोरा_कागद (धागाकर्ता)

मंडळी, एवढ्या मनापासून लिहिलंत, आभार.

हवेतला हात रद्द. टेबल, कापड आणि ठिपका पक्कं. नसते_उद्योग, इन्फ्रारेडऐवजी आता कॅमेऱ्याला फक्त टेबल बघायचंय, तर टेबलावर एक साधा दिवा पुरेल असं वाटतंय. वन युरो फिल्टर काल बसवला. हात मुद्दाम थरथरवून बघितला, रेघ खरंच शांत चालते.

पुसायचं बटण वाचून जरा वेळ गप्प बसलो होतो. पण दिवेवालीताई, कोलाज अगदीच नको का? संचालिकाबाईंना काहीतरी दाखवावं लागेल हे खरं आहे. तिथल्या काही लोकांनाही आपलं काम भिंतीवर दिसलेलं आवडेल, नाही का? आणि बटणं बसवायचीच झाली तर नेमकी कोणती? हार्डवेअरमध्ये माझी झेप एलईडी लुकलुकवण्यापुरतीच आहे.

---

दिवेवाली

बटणांचं आधी, ते सोपं आहे.

अशा लोकांसाठी मिळणाऱ्या तळहाताएवढ्या बटणांना बहुतेक ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅक असतो, हेडफोनसारखा दिसणारा. आत काही नसतं, दाबलं की दोन तारा जुळतात. म्हणून एकाचं बटण दुसऱ्याच्या यंत्राला चालतं. केंद्रात धूळ खात पडलेली असतील, आधी कपाट उघडायला लावा. २०१८ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या (हालचाल मर्यादित असलेल्यांसाठीचा गेम कंट्रोलर) मागे याच जॅकची रांग आहे. तो लॅपटॉपला लावला की ब्राउझरला गेमपॅड म्हणून दिसतो, तुम्हाला फारसं काही शिकायला नको. कमी खटाटोपात करायचं तर मेकी मेकी, यूएसबीला लावायचा एक छोटा बोर्ड. जे बोर्डाला जोडाल ते कळफलकाची कळ होतं: तांब्याची पट्टी, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, ओला स्पंज. त्यात २२ मेगाओहमचा रोधक असतो आणि यूएसबीचे ५ व्होल्ट, त्यामुळे अंगातून जाणारा प्रवाह मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या पाव हिश्श्याहूनही कमी. तरी लॅपटॉप बॅटरीवरच ठेवा, आणि कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याला जॅकवालं प्लॅस्टिकचं बटण द्या.

बटण कुठे बसवायचं ते टेपने ठरवा, स्क्रूने नाही. सकाळी जिथे हात पोचतो तिथे संध्याकाळी पोचत नाही. आमच्याकडे एका बाईंचं बटण शेवटी गुडघ्याच्या आतल्या बाजूला गेलं, कारण पाय आधी सुधारला होता. आणि पुसायचं बटण वेगळ्या रंगाचं नुसतं करू नका, हाताला वेगळं लागलं पाहिजे. मी त्यावर सँडपेपरचा तुकडा चिकटवते.

आता कोलाज. नकोच असं नाही. क्रम बदला एवढंच म्हणते. १९६७ मधलं कॅनडाचं एक जुनं काम आहे, फोगो बेटावरचं. मासेमारीवर जगणारी, एकमेकांपासून तुटलेली गावं. सरकारच्या मनात लोकांना तिथून हलवायचं होतं. नॅशनल फिल्म बोर्डाचा दिग्दर्शक कॉलिन लो आणि तिथल्या विद्यापीठाचे डोनाल्ड स्नोडेन यांनी लोकांना बोलतं करून पंचवीसहून जास्त छोट्या फिल्म केल्या. एक भव्य माहितीपट करता आला असता, पण केला नाही. तुकडे तुकडेच ठेवले आणि आधी बेटावरच दाखवले, ज्यांचे त्यांना. जे नको वाटेल ते काढून टाकायची मुभा होती. मग एका गावचं दुसऱ्या गावाला. मग सरकारला, आणि मंत्र्यांचं उत्तरही चित्रित करून बेटावर आणलं. लोकांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभारली आणि बेट रिकामं झालं नाही. फिल्मने बेट वाचवलं असं म्हणणार नाही मी, त्याला इतरही कारणं होती. पण समोरासमोर न बोलणारी माणसं पडद्यावर एकमेकांचं ऐकून घेत होती, हे त्या क्रमामुळे झालं.

तुमच्याकडे करायचं ते असं. चित्र काढणाऱ्यालाच ते दुसऱ्या दिवशी एकट्याने बघू द्या, भिंतीवर, पूर्ण मोठं. शेजारी पुसायचं बटण तसंच असू द्या. राहिलं तर तो म्हणेल त्याला दाखवा: बायकोला, शेजारच्या खाटेला. त्यातूनही राहिलं तर दर्शनी भागात. शेवटी तिथे तीनच चित्रं लागली तर तीनच लावा. संचालिकाबाईंना दाखवायला तुमच्याकडे ती खोली आहेच की. त्यांना पाहुणे घेऊन खोलीत येऊ द्या, आधी तिथल्यांना विचारून. आम्ही नाटकवाले लोकांना तालमीला फिरकू देत नाही, ती सवय इथे कामाची आहे.

एक विसरलेच. तुम्ही गेल्यावर हे सुरू कोण करणार? माझ्या ओळखीत अशा कितीतरी भिंती आहेत ज्या बनवणारा गेल्यावर काळ्या पडल्या. फ्लॅशमध्ये (ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) केलेलं सगळं २०२० संपताच बंद पडलं. तुमचा लॅपटॉप सुरू झाला की चित्रभिंत आपोआप उघडली पाहिजे, इंटरनेट नसलं तरी. सगळ्या वायरी एका पट्टीत आणि पट्टीला एक स्विच. रात्रपाळीच्या मावशींना तो लावता आला तर भिंत टिकेल. कोड खुला करा जरूर, पण आधी त्यांना शिकवा.

---

नसते_उद्योग

इंटरनेट नसताना चालवायचं तर पी-फाइव्हची फाइल पानासोबतच ठेवा, बाहेरून ओढू नका. ब्राउझर किऑस्क मोडमध्ये (पूर्ण पडद्यावर फक्त तेच पान) सुरू करा. आता ठिपकाच शोधायचाय तर मीडियापाइप काढूनच टाका. रंगाचा ठिपका शोधायला पंधरा ओळी लागतात, जुन्या लॅपटॉपवरही धावेल.

---

कोरा_कागद (धागाकर्ता)

काढलं. खरंच पंधराच्या आसपास ओळी झाल्या.

आज लॅपटॉप न नेता केंद्रात बसून आलो. खिडकीशी बसणाऱ्या एक काकू आहेत, त्या टेबलावर बोटाने सतत काहीतरी आखत असतात. मला वाटलं चाळा आहे. त्यांच्या मुलीने सांगितलं, त्या वाड्यांचे आणि पुलांचे नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समन होत्या. हातखंडाताई, डावी बाजू गेली आहे आणि पानाच्या डावीकडचं सुटतं असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. त्यांना सरळ रेघ आणि काटकोन हवा असेल, वाटोळी नको असतील. रेघ जवळच्या उभ्या-आडव्या रेषेला आपोआप चिकटेल असं करू का, की ती फसवणूक होईल?

---

हातखंडा

त्यांनाच विचारा. चिकटणं चालू-बंद करायचं तिसरं बटण द्या, मात्र उजवीकडे. कागदाच्या डाव्या कडेला एक जाड लाल उभी रेघ कायम असू द्या आणि दर वेळी सुरुवात करताना "लाल रेघ दिसेपर्यंत नजर न्या" एवढंच सांगा. आम्ही वाचायला शिकवताना हेच करतो. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, त्या दमल्या तरी सांगणार नाहीत. या वयाच्या ड्राफ्ट्समन मी पाहिल्या आहेत.

---

दिवेवाली

आणि रेघेची जाडी त्यांना ठरवू द्या. नकाशावाल्यांचं त्या बाबतीत फार कडक असतं.